पहिल्या आठ दिवसांची दया

मे २०२३ मध्ये मणिपूर पेटले, त्या दिवसांत आमच्या धर्मग्रामातही रविवारच्या मिस्साबलिदानानंतर विशेष दान गोळा झाले. आमची भाविक मंडळी बीड जिल्ह्यातली. कोणाचे पोट कोरडवाहू शेतीवर, कोणाचे मजुरीवर. तरीही दानपेटी भरली, कपड्यांची गाठोडी आली. ओळीने पाच रविवार आम्ही वेदीसमोर त्या घर सोडून पळालेल्या कुटुंबांसाठी प्रार्थना केली. सहाव्या रविवारी ती प्रार्थना यादीतून गळली. कोणी गाळली याचा शोध घेण्याचे कारण नाही. यादी आम्हीच तयार करतो. मात्र एकाही भाविकाने त्याबद्दल आम्हास विचारले नाही. मणिपुरात सुमारे ६० हजार माणसे, कुकी-झो तशीच मैतेईही, घरादाराला मुकली होती. दोन वर्षे उलटल्यावरही त्यांतील हजारो छावण्यांतच राहत होती. आमची दया पाचव्या रविवारीच थकली होती.

म्हणून या लेखातील पहिला आरोप आमच्यावरच आहे, आणि दुसरा आपणा सर्वांवर. युद्धाने वा यादवीने उठवून लावलेल्या कुटुंबाला मदत करणे म्हणजे जुने कपडे, तांदळाची पोती आणि एक धनादेश, अशी जी समजूत आपल्या समाजात रुजली आहे ती चुकीची आहे, सोयीची आहे, आणि ख्रिस्ती तर मुळीच नाही.

दयाळू शोमरोन्याची गोष्ट आपण बालपणापासून ऐकतो, आणि जखमा बांधून झाल्या की मनातल्या मनात पुस्तक मिटतो. गोष्ट तेथे संपत नाही. तो त्या जखमी माणसाला उतारशाळेत नेतो, त्याची शुश्रूषा करतो, दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या रखवालदाराच्या हातावर दोन दीनार ठेवतो आणि अधिक खर्च झाल्यास परत येताना फेडण्याचे वचन देतो. प्रभू येशूने तो दुसरा दिवस मुद्दाम सांगितला आहे. आपल्याला पहिला दिवस पाठ आहे. दुसऱ्याचा विसर पडला आहे.

बीडच्या माणसाला तरी हा विसर शोभत नाही. १९४७-४८ साली हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. रझाकारांच्या अत्याचारांनी गावे हवालदिल झाली आणि मराठवाड्यातील कित्येक कुटुंबे हाती लागेल तेवढा संसार घेऊन सरहद्दीपलीकडे, नगर-सोलापूरकडे निघून गेली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले. १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. मुक्तीचा तो दिवस आपण दरवर्षी ध्वज उभारून साजरा करतो, आणि तो करावाच. परंतु त्यानंतर काय घडले, ते आपण मुलांना सांगत नाही. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांच्या समितीने त्याच वर्षाअखेर संस्थानात फिरून सरकारला अहवाल दिला. कारवाईच्या काळात व नंतर मारल्या गेलेल्या, मुख्यत्वे मुसलमान, लोकांची संख्या समितीने २७ ते ४० हजार धरली. अधिक झळ पोचलेल्या आठ जिल्ह्यांत बीडचे नाव आहे. कित्येक मुसलमान कुटुंबे गाव टाकून हैदराबाद शहराकडे गेली. आधी एकांची घरे ओस पडली, मग दुसऱ्यांची.

त्याच अहवालात काही ठिकाणच्या हिंदू विणकरांची नोंद आहे. मुसलमान विणकरांवर जमाव चालून आला तेव्हा ते आडवे उभे राहिले, आणि काहींनी त्यासाठी प्राणही गमावले. धर्म दोन होते. माग एकच होता. अशी माणसे याच संस्थानात होऊन गेली. पण गेलेल्यांपैकी कोण परतले, परतलेल्याला बैल कोणी दिला, बियाणे उसने कोणी दिले, याची आठवण आपल्या गावांनी जपली नाही. आपण लढाई लक्षात ठेवतो. मोडलेला संसार पुन्हा मांडून देणारे हात विसरतो.

ते काम कसे करावे, याचा धडाही महाराष्ट्रातच आहे. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ पासून सुमारे ५ हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. बहुतेक स्त्रिया, मुले आणि वृद्ध. सोव्हिएत राजवटीने १९४०-४१ मध्ये त्यांना सायबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकले होते. तेथून इराणमार्गे ही माणसे भारतात पोचली. वळिवड्यात त्यांना नुसते रांगेत उभे करून जेवण वाढले गेले नाही. कुटुंबाला स्वतंत्र बिऱ्हाड मिळाले, स्वतःची चूल मिळाली. त्यांच्या भाषेतील शाळा, दवाखाना, नाटके, बालवीरांची पथके आणि चर्च उभे राहिले. मराठी झालात तरच राहा, अशी अट कोणी घातली नाही. खर्च मुख्यतः लंडनमधील पोलिश सरकारचा होता, असे कोणी म्हणेल. पैसा बाहेरचा असो. शेजार कोल्हापूरचा होता. महायुद्ध संपल्यावर दोन-तीन वर्षांत ते लोक इंग्लंड व इतर देशांकडे गेले, आणि त्याच वसाहतीत फाळणीने उखडलेले सिंधी बांधव आले. आज ते गांधीनगर. कापडाची मोठी बाजारपेठ. एके काळी दान घेणारे हात तेथे आज इतरांना रोजगार देतात.

आता आमच्याच अंगणात ऐकू येणारे तीन आक्षेप.

पहिला: आम्हीच गरीब, आम्ही कोणाला काय देणार? दसरा-दिवाळीनंतर घराला कुलूप लावून कोयता घेऊन निघणे म्हणजे काय, हे या जिल्ह्याला सांगावे लागत नाही. पाचटाच्या कोपीत रात्र कशी जाते, शाळेतून वर्षाच्या मध्यावर उठलेले मूल पुन्हा वर्गात कसे बसते, हे येथील शिक्षकांना आणि वसतिगृह चालवणाऱ्या धर्मभगिनींना चांगले ठाऊक आहे. ऊसतोड मजुराचे घर निदान जागेवर असते. युद्धाने उठवलेल्याचे तेही नसते. जे आपल्यापाशी आहे ते पैशाहून दुर्मिळ आहे: हे दुःख आपल्याला समजते.

दुसरा: ती माणसे आपली आहेत का? १६ एप्रिल २०१६ रोजी दिवंगत पोप फ्रान्सिस ग्रीसच्या लेस्बोस बेटावरून परतले, तेव्हा त्यांच्या विमानात सीरियातील तीन निर्वासित कुटुंबे होती; एकूण १२ माणसे, सर्व मुसलमान. ज्याला आजही हा प्रश्न विचारावासा वाटतो, त्याने तो आम्हाला नव्हे, त्या विमानाला विचारावा. मणिपूरमधील कुकी-झो ख्रिस्ती आहेत म्हणून आपण हळहळलो असू आणि मैतेई कुटुंबांकडे आपले लक्षच गेले नसेल, तर ती हळहळ दया नव्हती. तो जातभाईंचा मेळावा होता.

तिसरा: सरकार आहे ना? सरकार छावणी देते, शिधा देते, आणि ते त्याने द्यायलाच हवे. परंतु घरमालकासमोर उभे राहून 'ही माणसे माझ्या ओळखीची आहेत' असे म्हणणारा शेजारी सरकार देऊ शकत नाही.

कॅनडात १९७९ पासून व्हिएतनाम, कंबोडिया, लाओस येथील निर्वासितांच्या बाबतीत धर्मग्रामांनी आणि शेजाऱ्यांच्या लहान गटांनी हेच केले: एक कुटुंब, एक वर्षाची जबाबदारी. पोप फ्रान्सिस यांनीही ६ सप्टेंबर २०१५ रोजी युरोपातील प्रत्येक धर्मग्रामाला एकेका निर्वासित कुटुंबाला आसरा देण्याचे आवाहन केले होते. आमची सूचना याहून लहान आहे. शेजारच्या तीन-चार धर्मग्रामांनी मिळून एक कुटुंब घ्यावे. ते बीडला येणार नाही, पुण्या-मुंबईस जाईल किंवा आपल्याच मुलुखाजवळ राहू इच्छील, असे कोणी म्हणेल. राहो. जेथे असेल तेथील खोलीची अनामत आणि बारा महिन्यांचे भाडे आपण द्यावे. कर्त्या माणसाला त्याच्या हातातल्या कसबाचे काम शोधून द्यावे. सुताराला झाडू देऊ नये. मुलांना शाळेत बसवावे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे मुख्याध्यापकांना नम्रपणे सांगावे. त्यांची भाषा, त्यांचे सण, त्यांची प्रार्थना त्यांच्यापाशी राहू द्यावी. त्यांना व्यासपीठावर उभे करून आभार वदवून घेऊ नयेत, छायाचित्रेही काढू नयेत. वर्ष संपेल तेव्हा त्यांना आपली गरज उरली नाही, तर आपले काम झाले.

पोप बारावे पायस यांनी १९५२ साली इजिप्तला पळालेल्या पवित्र कुटुंबाला सर्व निर्वासित कुटुंबांचा आदर्श म्हटले. हेरोद मरेपर्यंत ते कुटुंब परक्या मुलुखात राहिले. तेथे योसेफाला पहिले काम कोणी दिले, मरियामातेला पाण्याची वाट कोणत्या शेजारणीने दाखवली, हे शुभवर्तमान सांगत नाही. पण कोणीतरी ते केले असलेच पाहिजे. नाताळात आपण गव्हाणीपुढे गुडघे टेकतो. त्या अनामिक शेजाऱ्यांची जागा मात्र अजून रिकामी आहे.

येत्या रविवारपासून ती गळलेली प्रार्थना आमच्या यादीत परत येईल. मिस्साबलिदानानंतर दाराशी एक वही ठेवलेली असेल. तिच्यात बारा महिन्यांचे बारा रकाने आहेत. पहिल्या रकान्यात पुष्कळ नावे येतील, याची आम्हाला खात्री आहे. आम्ही आमचे नाव बाराव्यात घातले आहे.