तलावाखालची घरे

धरण म्हटले की सरकारी पाटबंधाऱ्याचे प्रचंड काम आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु मासे धरावयास, पोहावयास वा नुसते काठावर बसावयास म्हणून राखलेले खासगी बांधही जगात पुष्कळ आहेत. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात, टोकोआ फॉल्स धबधब्याच्या माथ्यावर, केली बार्न्स नावाचा असाच एक बांध होता.

१८९९ च्या सुमारास विजेकरिता दगड व लाकूड घालून तो प्रथम रचला गेला. पुढे तो एका बायबल महाविद्यालयाच्या उपयोगास आला आणि मातीची भर घालून उंच करण्यात आला. १९५७ साली वीज बंद झाली. तलाव तेवढा करमणुकीपुरता उरला. ज्या वस्तूपासून मिळकत नाही तिच्या डागडुजीस पैसा कोण काढणार! बांधाचा उतार फार उभा होता, त्यावर झाडे माजली होती, आणि एकदा त्याची माती घसरलीही होती. ६ नोव्हेंबर १९७७ रोजी, रविवार उजाडण्यापूर्वी, रात्री दीडच्या सुमारास, पावसाने फुगलेला तलाव फुटला. पाणी धबधब्यावरून थेट खालच्या वस्तीत कोसळले. ३९ माणसे मेली. त्यांत लहान मुलेही फार होती.

तेथील अभियंते बांधांचे 'धोक्याचे वर्ग' पाडतात. हा वर्ग बांध मजबूत आहे की जीर्ण, हे सांगत नाही; ती नोंद निराळी. तो फुटल्यास खाली काय बुडेल, एवढेच वर्ग सांगतो. माणसे दगावण्याचा संभव असेल तर वर्ग उच्च. केवळ रस्ते, इमारती वगैरेंचे मोठे नुकसान होणार असेल तर मध्यम. मालकाच्याच शेताचे होणार असेल तर अल्प. म्हणून कालच बांधलेला भक्कम बांधही उच्च वर्गात असू शकतो. उलट, ओढ्याकाठी कोणी नवे घर बांधले की वरचा एकही दगड न हलता बांधाचा वर्ग बदलतो. घर बांधणाऱ्यास टेकडीआड तलाव आहे हे पुष्कळदा ठाऊकही नसते.

ह्या अपघातानंतर राष्ट्राध्यक्ष कार्टर ह्यांनी खासगी व इतर बिगर-केंद्रीय बांधांपैकी उच्च वर्गातल्यांची तपासणी करविली. १९८१ पर्यंत सुमारे ८,८०० बांध पाहिले गेले. त्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश असुरक्षित ठरले. जॉर्जियाने १९७८ साली स्वतःचा कायदा केला. त्यात फुटल्यास मनुष्यहानी होईल असे बांध पहिल्या वर्गात घातले असून, दुसऱ्या वर्गातील बांधांखाली मागाहून कोणी घर बांधले आहे काय, हेही सरकारी माणसे अधूनमधून जाऊन पाहतात.