पाकाची परीक्षा

मुलग्यांनीं चुलीजवळ बसूं नये, असें म्हणणारे पालक अद्याप आढळतात. हें मत आम्हांस मान्य नाहीं. वर्गांत विद्यार्थी उत्कलनबिंदु घोकतात. परंतु नारळाचा रस व गूळ एकत्र आटवूं लागलें म्हणजे तोच बिंदु डोळ्यांदेखत वर चढतो. पाणी उडून जातें तसतसा पाक अधिक तापतो. सुमारें ११५ अंशांवर त्याचा थेंब गार पाण्यांत टाकल्यास मऊ गोळी वळते. येथेंच कढई उतरली तर टॉफी मृदु होते. १५० अंशांच्या घरांत तोच थेंब कांचेसारखा मोडतो. आपल्या घरच्या बायकांनीं उष्णतामापक हातीं न धरतां ही खूण ओळखली व तीस गोळीबंद पाक हें नांव दिलें. गायीचें दूध मात्र घालूं नये. गुळानें तें कित्येकदां फाटतें.

आंगणेवाडीच्या जत्रेंतून आपण खाजें हौसेनें आणतों. त्यावरील आल्याच्या स्वादाचें गुळाचें कवच ही पाकाचीच करामत होय. पण ती घरीं करून पाहण्याची हौस कितीकांस असते?

ऊन पाक कातडीस चिकटून खोल भाजतो, म्हणून पहिल्या दोनचार खेपांस आईनें किंवा वडिलांनीं जवळ उभें राहावें. कालथा मात्र मुलाच्याच हातीं द्यावा.