सातबारा नाही, म्हणून शेतकरीही नाही?

लॉकडाऊन लागताच, 26 मार्च 2020 रोजी, अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी 8 कोटी 70 लाख शेतकऱ्यांच्या खात्यात दोन-दोन हजार रुपये टाकण्याची घोषणा केली. ही नवी मदत नव्हतीच. पीएम-किसानच्या वर्षाच्या सहा हजारांतला ठरलेला हप्ता एप्रिलच्या सुरुवातीला दिला, इतकेच.

पण तो मिळाला कोणाला? या योजनेत शेतकरी म्हणजे जमिनीच्या नोंदीवर नाव असलेला. तेही, वारसाहक्क सोडला तर, 1 फेब्रुवारी 2019 पर्यंत लागलेले. बटाईदार त्यात नाही, शेतमजूर नाही, गायरान कसणाराही नाही.

मराठवाड्यात आपली कितीतरी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या गायरान कसतात. 14 एप्रिल 1990 पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय आहे. तरी अनेकांच्या हातात सातबारा नाही. नांगरणी त्यांची, बियाण्याची उधारी त्यांची, आणि सरकारदरबारी ते अतिक्रमणधारक. रेशन आले, महिलांच्या जनधन खात्यात पाचशे रुपये आले, हे मान्य. पण ती गरीब म्हणून मिळालेली मदत, शेतकरी म्हणून नव्हे. रोजगार हमीची मजुरी महाराष्ट्रात 238 रुपये झाली, तेव्हा कामेच ठप्प होती.

दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 आणि 1964 साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, ते याच जमिनीसाठी. आज आपण पोरांनी निदान एवढे करावे: तलाठ्याकडून गाव नमुना 1-ई ची नक्कल काढावी आणि घराघरांत गाठोड्यात पडलेल्या दंडाच्या जुन्या पावत्या गोळा कराव्यात. कसणूक सिद्ध करायला त्याच कामी येतात.