जुलाबाचे मूळ शोधा

पित्ताशय काढल्यानंतर जुलाब थांबत नसतील, तर ‘आयबीएस’ (आतड्याचा चिडचिडेपणा) म्हणून रुग्णाची बोळवण न करता पित्ताम्लांची शंका घेतलीच पाहिजे, अशी आमची ठाम भूमिका आहे. दुर्बिणीतून होणारी ही शस्त्रक्रिया तालुक्यापर्यंत पोहोचली. नंतरची विचारपूस मात्र मागेच राहिली.

पित्ताशय नसल्याने पित्त सतत आतड्यात येते. त्यातली, लहान आतड्याच्या शेवटच्या भागात न शोषलेली पित्ताम्ले मोठ्या आतड्यात उतरली, की तिथे पाणी सुटते. मग माणूस एसटीत बसायला धजावत नाही, रोजगार बुडतो. कोलेस्टिरामिनची पुडी ही पित्ताम्ले बांधून ठेवते. पण आतड्याचा तो भाग क्षयाने किंवा क्रोन्स आजाराने बिघडला असेल, तर मूळ आजारावरच उपचार हवेत.

डिस्चार्ज कार्डावर या त्रासाची सूचना छापा आणि कोलेस्टिरामिन जिल्हा रुग्णालयांत ठेवा. निदानाविना दिलेल्या जुलाब थांबवण्याच्या गोळ्या मूळ रोग झाकतील.