६९९ डॉलर नेमके कशाचे?

ऑक्टोबर २०२१मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड आर्मरी कंपनीनं ‘एसए-३५’ हे पिस्तूल बाजारात आणलं, तेव्हा शौकिनांचे डोळे आधी किमतीवर गेले. ६९९ डॉलर. पोलादी सांगाडा, मुठीला अक्रोडाचं लाकूड, मागे उघडा घोडा. थाट सगळा १९३५ सालचा आणि भाव मात्र प्लास्टिकच्या सांगाड्याच्या ग्लॉकपेक्षा थोडासाच वर.

थाट उसना आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. मूळ पिस्तूल म्हणजे बेल्जियमच्या एफएन कारखान्याचं ‘ब्राउनिंग हाय-पॉवर’. फ्रेंच सैन्याला जास्त गोळ्या मावतील असं पिस्तूल हवं होतं, म्हणून जॉन ब्राउनिंगनं काम हाती घेतलं. १९२६मध्ये बेल्जियममध्येच त्याचं निधन झालं आणि उरलेली रचना द्यूदोने सेव्ह या एफएनच्या अभियंत्यानं पुरी केली. फ्रेंचांनी शेवटी दुसरंच पिस्तूल घेतलं, ती गोष्ट वेगळी. पण बेल्जियमनं १९३५मध्ये हे स्वीकारलं आणि पुढं पन्नासहून जास्त देशांच्या सैन्यांत ते पोचलं. दुसऱ्या महायुद्धात ते दोन्ही बाजूंकडे होतं: ताब्यात घेतलेल्या बेल्जियन कारखान्यात जर्मन ते बनवून घेत होते आणि मित्रराष्ट्रांसाठी टोरोंटोच्या जॉन इंग्लिस कंपनीत ते तयार होत होतं.

एसए-३५ विकणाऱ्या कंपनीचं नावही तसं उसनंच. स्प्रिंगफील्ड आर्मरी हा मॅसॅच्युसेट्समधला सरकारी शस्त्रकारखाना १९६८मध्ये बंद पडला. पुढं ते नाव इलिनॉयमधल्या एका खासगी कंपनीकडं आलं. तेव्हा परंपरेचे पैसे मागितले जात असतील, तर हात आखडता घेण्याचा ग्राहकाला पूर्ण हक्क आहे.

मग उरतं काय? उरते ती दुरुस्ती, आणि तीच या पिस्तुलाची खरी कमाई आहे.

जुन्या हाय-पॉवरला सगळ्यांनी वाखाणलं ते मुठीसाठी. दुहेरी रांगेत १३ गोळ्या घेऊनही ती हातात जाड लागत नाही. कोल्टच्या १९११ पिस्तुलात चापाची पट्टी मॅगझिनला वळसा घालून मागे जाते. इथं चापाचा निरोप वरच्या स्लाइडमधल्या एका तरफेतून जातो, त्यामुळं मूठ सडसडीत राहते. पण या सोयीचं मोल चाप मोजतो. त्यात भर म्हणून मॅगझिन काढलं की गोळी सुटू नये, अशी एक तरतूद होती. चापाला जोडलेला एक छोटा तुकडा मॅगझिनच्या पुढच्या अंगाला टेकून राहतो. चाप ओढताना तो पोलादावर घासतो. बोटाला ती खरखर कळते. शिवाय मॅगझिनचं बटण दाबल्यावर ते सटकन खाली न पडता अडकून बसतं. कित्येक मालक पिस्तूल घेतल्या घेतल्या कारागिराकडं जाऊन हा तुकडाच काढून टाकत. सेफ्टीचा खटका इतका इवलासा की घाईत अंगठ्याला सापडू नये. आणि मोठ्या पंजाच्या माणसाला तर मागे येणारा घोडा अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी चिमटून रक्त काढी.

स्प्रिंगफील्डनं हे एकेक काढलं. मॅगझिनचा तो तुकडा गेला, सेफ्टी रुंद झाली, घोड्याचा आकार बदलला, मॅगझिनमध्ये १५ गोळ्या आल्या. आकाराला मात्र हात लावला नाही. जुनी मॅगझिनंही त्यात बसतात. म्हणजे पूर्वी पिस्तुलाचे पैसे मोजून वर कारागिराचे मोजावे लागत, ते काम आता कारखान्यातच झालेलं मिळतं. ६९९ डॉलर या कामाचे म्हटले, तर सौदा वाजवी होता.

खुद्द एफएनचं काय? २०१८मध्ये त्यांनी हाय-पॉवर बंद झाल्याचं जाहीर केलं, जुन्या नगांचे भाव चढले आणि जानेवारी २०२२मध्ये त्याच घराण्याचं नवं ‘हाय पॉवर’ आलं: १७ गोळ्या, दोन्ही हातांना चालतील असे खटके, किंमत १,२६९ डॉलरपासून पुढं. यंत्र म्हणून ते सरस असेल, पण जुने सुटे भाग त्याला चालत नाहीत. ज्याला जुनं हवं त्याला ते नवं वाटतं आणि ज्याला नवं हवं तो निम्म्या पैशांत ग्लॉक घेतो.

ग्लॉकचा मुद्दा एसए-३५च्या चाहत्यांनाही चुकवता येत नाही. १९८२मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्यानं घेतलेलं ग्लॉक १७ रिकाम्या मॅगझिनसह ७०० ग्रॅमच्या आसपास, गोळ्या १७. एसए-३५चं वजन जवळपास ९०० ग्रॅम. वर ते बाळगायचं तर घोडा चढवून सेफ्टी लावलेल्या अवस्थेत, म्हणजे अंगठ्याला सराव हवाच. ज्याला स्वसंरक्षणासाठी कपाटात एकच पिस्तूल ठेवायचं असेल, त्यानं याच्या वाटेला जाऊ नये. नेमबाजीच्या मैदानावर दर रविवारी शंभर गोळ्या झाडणाऱ्याला मात्र तेच जास्तीचं वजन झटका सोसायला कामी येतं.

आपल्याकडं सामान्य परवानाधारकाला यातलं काहीच घेता येत नाही, कारण ही सगळी ९ मिमीची आणि ९ मिमी हा निषिद्ध बोअर. पण भारतीय सैन्यात राहिलेल्या अनेकांच्या हाताला ही मूठ ओळखीची आहे. बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीचं ‘पिस्तूल ऑटो ९ मिमी १ए’ हे इंग्लिसच्या युद्धकालीन हाय-पॉवरवर बेतलेलं. त्याला पर्याय म्हणून पुण्याच्या एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेनं महूच्या इन्फन्ट्री स्कूलबरोबर ‘अस्मी’ हे मशीन पिस्तूल विकसित केलं, तेव्हा जानेवारी २०२१मध्ये एका नगाचा उत्पादनखर्च ५० हजार रुपयांच्या आत सांगितला गेला. एसए-३५ची बाजारात येतानाची किंमत त्या वेळच्या दरानं साधारण ५२ हजार. दोन्हींची जात वेगळी, त्यामुळं थेट तुलना नको. पण पोलादी पिस्तूल या पैशांत करून, दुकानदाराचं कमिशन देऊन, वर नफाही काढता येतो एवढं यातून दिसतं.

योगायोग असा की, एसए-३५ आलं त्याच ऑक्टोबर २०२१च्या १ तारखेला आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या आणि ईशापूरची फॅक्टरी त्यातल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया’कडे गेली. हाय-पॉवर बनवण्याचा अनेक दशकांचा हात या फॅक्टरीकडे आहे. त्या पिस्तुलात कुठं काय दुखतं, हे सैन्यात शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या कुठल्याही आर्मोररला विचारलं असतं तरी कळलं असतं. रुंद सेफ्टी, हलका चाप आणि बदललेला घोडा घातलेलं १ए परदेशी बाजारात ५०० डॉलरला उभं करायला नव्या कंपनीला कुणाच्या पेटंटची वाट पाहायची गरज नव्हती. हाय-पॉवरची मूळ पेटंट केव्हाच संपली आहेत.

— पारखी