आवाज तिचा, कंपनीही तिची

मैत्रिणींनो, इटलीत 'मीना' म्हटलं की आडनाव विचारावं लागत नाही. नाव आपल्याकडचं वाटतं ना? पण ही गायिका अस्सल इटालियन. १९४० चा जन्म, क्रेमोना शहरात वाढलेली. विशीत पाऊल ठेवलं तोवर तिची गाणी घराघरांत पोचली होती.

१९६३ मध्ये तिला मुलगा झाला. मुलाचे वडील कॉरादो पानी हे नट, आधीच विवाहित. इटलीत तेव्हा घटस्फोटाचा कायदाच नव्हता, तो आला १९७० मध्ये. म्हणजे मनात असूनही दोघांना लग्न करता आलं नसतं! तरी 'राई' या सरकारी दूरचित्रवाणीने मीनाला पडद्यावर बंदी घातली. आणि टीव्ही म्हणजे तेव्हा फक्त राई. तिचं वागणं बरोबर की चूक, यावर तुमचं-माझं मत वेगळं असेल. पण तान्हं मूल पदरात असताना बाईचं कामच काढून घ्यायचं, ही कुठली नीती? लोकांनी मात्र तिच्या रेकॉर्ड घेणं सोडलं नाही. शेवटी जानेवारी १९६४ मध्ये राईला तिच्यासाठी दार उघडावं लागलं.

मला महत्त्वाचं वाटतं ते याच्या पुढचं. १९६७ मध्ये वडिलांना सोबत घेऊन तिने स्वित्झर्लंडमधल्या लुगानोत स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली, 'पीडीयू'. काय गायचं, कधी गायचं, सगळं आता तिच्या हातात. बचत गटाच्या कामात मी नेहमी बघते, पापड बाई लाटते आणि हिशेबाची वही नवऱ्याच्या कपाटात! म्हणून मला या कंपनीचं फार अप्रूप.

२३ ऑगस्ट १९७८ ला तिने शेवटचा जाहीर कार्यक्रम केला आणि स्टेज सोडलं ते कायमचं. गाणं नाही सोडलं हं. जवळजवळ दरवर्षी नवा अल्बम येत राहिला. १९८१ च्या 'सालोमे'च्या वेष्टनावर तर तिचा चक्क दाढीवाला फोटो आहे! दुसऱ्या कुणा मालकाने असं छापू दिलं असतं का, शंकाच आहे.

२०२४ मध्ये, वयाच्या ८४ व्या वर्षीही तिचा नवा अल्बम निघाला. आणि ज्याच्या जन्मावरून एवढं रामायण झालं, तो मासिमिलियानो मोठा होऊन आईच्याच गाण्यांचा निर्माता झाला.