सातबारा नाही, म्हणून तक्रार नाही?

फाल्गुन सरत आला आणि वाचकांच्या पत्रांत एकच तक्रार आहे: दोडका, कारले, भेंडी टोकली, उगवलीच नाही. लिहिणारे नवखे नाहीत. कारल्याचे बी रात्रभर भिजवून, फडक्यात मोड आणून मगच लावणारी ही माणसे आहेत. त्यांच्या वाफ्यात खोट काढण्याआधी पाकीट पाहावे.

वाचकांनी पाठवलेल्या अनेक पाकिटांवर रंगीत चित्र, किंमत आणि पॅकिंगची तारीख एवढेच आहे. लॉट क्रमांक, उगवणशक्ती, चाचणीची तारीख यांचा पत्ता नाही. बियाण्याची मुदत चाचणीच्या तारखेपासून नऊ महिने असते, पॅकिंगच्या तारखेपासून नव्हे. जुने बी छोट्या पाकिटात भरून वर नवी तारीख छापली, तर भेंडीची ६५ टक्के आणि वेलभाज्यांची ६० टक्के ही किमान उगवण कुठून मिळणार?

एक वाचक पाकीट घेऊन कृषी कार्यालयात गेल्या. पहिला प्रश्न आला, सातबारा आणलाय का? गच्चीवरच्या बागेला सातबारा कुठला? गट नंबर नाही, म्हणून पंचनामा नाही, म्हणून अर्ज परत. पुढे सल्ला मिळाला की नमुना प्रयोगशाळेत द्या. प्रमाणित उगवण चाचणीला चारशे बिया लागतात आणि पाकिटात असतात वीस! म्हणजे एकाच लॉटची वीस पाकिटे आणायची, आणि लॉट क्रमांक तर छापलेलाच नाही.

हा सरळ अन्याय आहे. १९६६ चा बियाणे कायदा विकणाऱ्याला बांधतो; घेणाऱ्याची जमीन किती, हे तो विचारत नाही. बी घेणारा ग्राहकच आहे आणि त्याने चाचणीसाठी थोडे बी बाजूला राखून ठेवावे अशी अपेक्षा धरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितले आहे. कार्यालयांपर्यंत ते अजून पोहोचू नये?

नुकसान तीस रुपयांचे म्हणून सोडून देऊ नका. पुन्हा बी आणून लावेपर्यंत पंधरवडा जातो, वेल ऐन उन्हात सापडतो, नरफुलांनीच भरतो आणि हंगाम हातचा जातो.

पण पावती न घेता बी आणणाऱ्या वाचकांनाही स्पष्ट सांगायला हवे. वारंवार लिहूनही ही सवय सुटत नाही. पावतीशिवाय आम्ही कुणाशी भांडायचे? पाकीट फोडताना छापील बाजू शाबूत ठेवा, दहा बिया ओल्या फडक्यात घालून पाहा, मगच वाफा भरा. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, तिथे जा.

आणि बी धरा! संकरित वाण त्यासाठी चालणार नाहीत, सरळ वाणच हवेत. दुधीची मादीफुले आदल्या संध्याकाळी बांधा, हाताने परागीकरण करा, एक फळ वेलावरच वाळू द्या. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाण्यांची बँक उभी केली, २०२० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्याला निदान एकेक वाण सांभाळता येईल.

न उगवलेल्या बियाण्याचे पाकीट, पावतीची प्रत आणि पेरणीची तारीख चैत्र संपण्याआधी आमच्याकडे पाठवा. सगळ्यांची एकत्र तक्रार घेऊन आम्ही कृषी आयुक्तालयात जाणार आहोत.